डरहॅम ते भिवंडी

मंडळी, इतकी वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहून आपण इथला इतिहास फारसा वाचत नाही. कॅरी हे नाव सॅम्युअल फेंटन कॅरी या ओहायोतल्या दारूबंदीवाल्या पुढाऱ्यावरून पडलं आणि गावाला १८७१ साली सनद मिळाली, एवढं पाहुण्यांना सांगून झालं की आपली गाडी थेट आर.टी.पी.वर येते. जुने रहिवासी मात्र कॅरीची फोड 'कंटेनमेंट एरिया फॉर रिलोकेटेड यँकीज' अशी करतात. म्हणजे उत्तरेकडून आलेल्या उपऱ्यांना कोंडून ठेवायची जागा! आपण मराठी माणसं त्या यँकीजमध्ये मोडतो का, देव जाणे. विनोद निरुपद्रवी आहे, पण त्यात 'आम्ही' आणि 'ते' आहेच.

हे 'आम्ही' आणि 'ते' कधी एकमेकांच्या जिवावर उठतात आणि कधी एका टेबलाशी बसतात, याबद्दल मला लिहायचं आहे. आपण समजतो की लोक नफा-तोटा बघून वागतात. माझा अनुभव आणि वाचन दोन्ही सांगतं की आधी भीती वाटते, अपमान डाचतो, आणि हिशेब नंतर मांडला जातो. यासाठी दोन गावांच्या गोष्टी सांगतो. एक गाव इथून वीस-पंचवीस मिनिटांवर, दुसरं माझ्या कल्याणपासून दहा-अकरा किलोमीटरवर.

पहिलं डरहॅम. १९७० साली कोर्टाने तिथल्या शहरातल्या शाळांमध्ये गोरी आणि काळी मुलं एकत्र बसवायचा हुकूम दिला. गाव तापलं. हुकूम अंमलात आणायचा तर माणसांची मनं कशी वळवायची, म्हणून १९७१ च्या जुलैत सरकारी अनुदानातून दहा दिवसांची एक सभा भरवली गेली. तिला 'शॅरेट' म्हणत. हा फ्रेंच शब्द, अर्थ हातगाडी. पॅरिसमध्ये वास्तुशास्त्राचे विद्यार्थी शेवटच्या घटकेपर्यंत रेघोट्या मारत आणि हातगाडी आली की आपली चित्रं तिच्यात टाकत, त्यावरून आला. (परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे आपण एकटेच नाही!) सभा चालवणाऱ्या बिल रिडिक यांनी एक अचाट गोष्ट केली. दोन अध्यक्ष नेमले. एक ॲन ॲटवॉटर, गरीब भाडेकरूंसाठी घरमालकांशी आणि नगरपालिकेशी भांडणारी काळी बाई, आवाज खणखणीत. दुसरे सी. पी. एलिस, डरहॅमच्या कू क्लक्स क्लॅनचे म्होरके. दोघांनी एकमेकांचा उघड द्वेष केला होता. एका सभेत एलिसचं बोलणं ऐकून आपण चाकू काढला होता आणि ओळखीच्यांनी आवरलं, असं ॲटवॉटरबाईंनी पुढे स्वतःच सांगितलं आहे.

एलिसची कहाणी स्टड्स टर्केल यांनी १९८० साली आलेल्या पुस्तकात त्याच्याच तोंडून लिहून घेतली. ती मी दोनदा वाचली. बाप गिरणीत राबून अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गेला. याचं शिक्षण आठवीपर्यंत. पेट्रोल पंप चालवला, कर्ज फिटेना, एक मूल जन्मापासून अपंग. रोज मरमर काम करूनही हातात काही उरत नाही, तेव्हा दोष कोणाला द्यायचा? बापाने दाखवलेलं बोट काळ्यांकडे होतं. क्लॅनमध्ये गेल्यावर या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी आहोत असं वाटलं. द्वेषाच्या मुळाशी बहुतेक वेळा अशी मान मिळाल्याची ऊब असते. ती काढून घेतल्याशिवाय, किंवा तिच्या जागी दुसरी दिल्याशिवाय, नुसता उपदेश कामाचा नाही.

आणि एक प्रसंग फार बोलका आहे. गावातले प्रतिष्ठित गोरे, नगरपालिकेतले सुद्धा, रात्री गुपचूप फोन करत : उद्याच्या सभेला काळे येणार आहेत, तुझी माणसं घेऊन ये. पण दिवसा भर रस्त्यात तोच माणूस समोर दिसला की रस्ता ओलांडून पलीकडे जात. एलिसला कळलं की आपल्याला वापरलं जातंय. ही चीड शॅरेटच्या आधीच पेटली होती.

सभेत सुरुवातीला दोघं धड बोलतही नव्हते. मग एके दिवशी दोघंच मागे बसलेले असताना मुलांचा विषय निघाला. अध्यक्षपद घेतलं म्हणून दोघांचीही मुलं शाळेत टोचून बोलली जात होती, घरी रडत येत होती. एलिस म्हणतो, त्या क्षणी आम्ही दोघं रडलो. शेवटच्या रात्री त्याने क्लॅनचं ओळखपत्र सगळ्यांसमोर फाडलं. जुने मित्र तुटले, धमक्या आल्या. पुढे तो ज्या कामगार संघटनेचा पुढारी म्हणून निवडून आला, तिच्यात काळे सभासदच जास्त होते. २००५ साली तो वारला तेव्हा ॲटवॉटरबाई त्याच्या अंत्यविधीत बोलल्या. त्या स्वतः २०१६ मध्ये गेल्या. यावर २०१९ साली 'द बेस्ट ऑफ एनिमीज' हा सिनेमा निघाला, तो आपल्यापैकी काहींनी पाहिला असेल. सिनेमा बरा आहे, पण दोन तासांत माणूस बदलताना दाखवावा लागतो त्याला काय करणार!

आता भिवंडी. मागाचं गाव. उत्तरेकडून आलेले मोमीन विणकर, जुने कोकणी मुसलमान, तेलुगू पद्मशाली, आगरी-कोळी, सूत विकणारे व्यापारी. माग एकाचा, सूत दुसऱ्याचं, कापड तिसऱ्याचं. पैशाने सगळे एकमेकांत इतके गुंतलेले की भांडणं परवडूच नयेत. तरी ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन यांचा आयोग बसला, आणि चौदा वर्षांनी मे १९८४ मध्ये पुन्हा तेच. भिवंडी-ठाणे-मुंबई पट्ट्यात अडीचशेहून अधिक माणसं गेली. फायद्याचा हिशेब दोन्ही वेळा हरला.

१९८४ साली मी कल्याणला शाळेत होतो. वाड्याच्या गच्चीवर मोठी माणसं दगड आणि सोडावॉटरच्या बाटल्या घेऊन बसत. रात्री कुठूनतरी "आले, आले!" असा ओरडा व्हायचा आणि सगळी आळी जागी. आजी आम्हा मुलांना पोटमाळ्यावर चढवायची. पाण्यात विष कालवलंय म्हणून दोन दिवस आम्ही नळाचं पाणी प्यायलो नाही, विहिरीचं उकळून प्यायलो. कोणी आलं नाही. कधीच आलं नाही. पुढे कॉलेजात रेतीबंदरकडे राहणारा एक मुसलमान मित्र झाला. त्याला हे सांगितलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, "अरे, आमच्या गच्चीवर पण तेच! आम्ही तुमची वाट बघत होतो." दोन्ही गच्च्यांवर एकच भीती, एकच अफवा, फक्त नावं बदललेली.

१९८८ साली सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. शांतता समित्या तेव्हाही होत्याच. दंगल झाली की पुढारी आणि प्रतिष्ठित जमायचे, पांढऱ्या कपड्यांत फोटो निघायचे, संपलं. खोपड्यांनी उलटं केलं. वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या काढल्या, सुमारे ७०. हिंदू-मुसलमान सारखे, आणि माणसं साधी. सोबत त्या भागाचे पोलीस. बैठका दंगल नसताना, नियमित. एकोप्यावर भाषणं करण्यापेक्षा शेजाऱ्याशेजाऱ्यांची किरकोळ भांडणं जागच्या जागी मिटवण्यावर भर. त्यांच्यानंतर आलेल्या गुलाबराव पोळ यांनी हे काम बंद पडू दिलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपल्याकडे नव्या साहेबाचं पहिलं काम जुन्या साहेबाची पाटी उतरवणं हेच असतं!

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई जळली. श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे ९०० माणसं मेली. भिवंडी, जिच्या नावानेच लोक दचकत, ती शांत राहिली. खोपड्यांनी पुढे पुस्तकच लिहिलं, 'मुंबई जळाली, भिवंडी का नाही?'. आशुतोष वार्ष्णेय यांनीही २००२ च्या आपल्या ग्रंथात भिवंडीची दखल घेतली. मुंबईत दंगलीनंतर जुलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे वगैरेंनी मोहल्ला समित्यांची चळवळ उभी केली.

हे का चाललं? गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडलं होतं की दोन गट नुसते शेजारी राहून भागत नाही. बरोबरीचा दर्जा हवा, समान काम हवं, वरून पाठिंबा हवा. भिवंडीच्या मागावर देवघेव होती, पण बरोबरी नव्हती. मालक आणि मजूर होते. पुढे पेटिग्रू आणि ट्रॉप यांनी ५०० हून अधिक अभ्यास एकत्र तपासले. त्यांना दिसलं की पूर्वग्रह कमी होतो तो एकमेकांबद्दल माहिती वाढल्याने तितकासा नाही, जितका भीती कमी झाल्याने आणि दुसऱ्याच्या जागी स्वतःला ठेवता आल्याने. म्हणजे आपण शाळेत 'सर्व धर्म' या विषयावर निबंध लिहिले त्यापेक्षा गच्चीवरचा माझा मित्र आधी भेटला असता तर जास्त उपयोग झाला असता.

पण एकेकट्याची मैत्री पुरते असंही नाही. १ जुलै १९४६ ला अहमदाबादच्या दंगलीत आपले मराठी वसंतराव हेगिष्टे आणि त्यांचे मित्र रजबअली लाखाणी लोकांना वाचवायला गेले आणि दोघंही मारले गेले. धैर्य अफाट, पण त्या रस्त्यावर त्यांच्या मागे कोणती यंत्रणा नव्हती.

आणि यंत्रणाही कायमची टिकत नाही. जुलै २००६ मध्ये भिवंडीत कब्रस्तानालगत पोलीस ठाणं बांधण्यावरून पुन्हा भडका उडाला, गोळीबारात माणसं मेली आणि दोन पोलिसांचा जमावाने जीव घेतला. ज्या गावात पोलिसांनीच विश्वास कमावला होता, तिथे. डरहॅममध्येही एलिस-ॲटवॉटर गळ्यात गळे घालून फिरले म्हणून गोऱ्या कुटुंबांचं शहराबाहेर जाणं थांबलं नाही. शहराच्या आणि काउंटीच्या शाळा एक व्हायला १९९२ उजाडलं. आपल्या वेक काउंटीने ते १९७६ मध्येच उरकलं होतं. मग २००० पासून कोणत्याही शाळेत गरीब घरची मुलं ठराविक प्रमाणापेक्षा जास्त होऊ नयेत असं धोरण ठेवलं, आणि २०१० मध्ये शिक्षण मंडळाने ते मोडलं.

त्या काळात आपल्या घरांतूनही शाळा बदलल्याच्या पत्रांवरून काय काय बोललं गेलं, ते मला आठवतं. बसचा वेळ, मुलांची झोप, सगळी कारणं खरी होती. पण चहाच्या दुसऱ्या कपानंतर "तिकडची मुलं कशी असतात, माहीत आहे ना" हे वाक्य यायचंच. बोलणाऱ्यांपैकी त्या शाळेत पाऊल टाकलेलं कोणी नव्हतं. एका वहिनींच्या मुलाला मात्र जावंच लागलं. पहिल्या महिन्यात त्या रोज स्वतः सोडायला जात. तिसऱ्या महिन्यात त्या तिथल्या पालक समितीत होत्या, आणि एका काळ्या आजीबरोबर शाळेच्या बेक सेलला शंकरपाळे विकत होत्या.