'व्हेरी' : एका झिजलेल्या शब्दाचा इतिहास

राजांना आणि लढायांना इतिहास असतो, तसाच तो शब्दांनाही असतो. इंग्रजीतील 'व्हेरी' हा शब्द घ्या. 'फार', 'अतिशय' एवढा अर्थ शाळेत पाठ करून आपण त्याला सोडून देतो. त्याची थोडी चौकशी आज आपण करू.

1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले. पुढे दरबारात आणि न्यायालयात फ्रेंच चालू लागली. नांगर धरणारा मात्र इंग्रजीच बोलत राहिला. एखादी गोष्ट ठासून सांगावयाची तर तो 'स्विथे' म्हणे. त्याचा मूळ अर्थ 'जोराने'. 'व्हेरी' त्याच्या तोंडी नव्हताच. 'खरा' या अर्थाच्या लॅटिन 'वेरुस'च्या कुळातील एक शब्द फ्रेंचमध्ये होता. तो 13व्या शतकात इंग्रजीत आला, आणि आला तो 'खरा' हाच अर्थ घेऊन. पंचांचा निकाल तो 'व्हर्डिक्ट', म्हणजे 'खरे बोलणे'. पडताळून पाहणे ते 'व्हेरिफाय'. ही त्याचीच भावंडे.

14व्या शतकाच्या अखेरीस चॉसर कवीने आपल्या सरदाराचे वर्णन करताना हा शब्द योजला, तो 'खरा' या अर्थाने. 1611 च्या इंग्रजी बायबलातही आंधळा इसहाक समोरच्या मुलाला चाचपू पाहतो, तो आपला खरा एसावच आहे ना, हे कळावे म्हणून. तेथे 'खरा' या जागी 'व्हेरी' आहे.

मग 'खरा'चा 'फार' कसा झाला? 'खरा, शूर पुरुष' असे दोन गुण एकामागून एक बोलले जातात. ऐकणाऱ्याच्या कानाला पहिला शब्द दुसऱ्याचा जोर वाटू लागतो : खरा शूर, म्हणजे पुरता शूर, म्हणजे फार शूर. 15व्या शतकात हा नवा अर्थ रूढ होऊ लागला आणि हळूहळू त्याने जुन्याला बाजूस सारले. 'नेमका तोच माणूस' असे म्हणताना इंग्रज आजही 'व्हेरी' वापरतो. जुन्या अर्थाची तेवढी खूण उरली आहे.

'व्हेरी' बोथट झाला तेव्हा लोकांनी 'प्रत्यक्षात' या अर्थाचा 'रिअली' जोरासाठी घेतला. 'अक्षरशः' या अर्थाचा 'लिटरली' 18व्या शतकापासून अक्षरशः खरे नसलेल्या गोष्टींनाही जोडला जाऊ लागला. आपणही निराळे नाही. फारसी 'खूब' म्हणजे चांगले. मराठीत त्याचे 'खूप' झाले आणि चांगुलपणा जाऊन नुसते परिमाण उरले.

हे सारे आम्ही व्याकरणाच्या हौसेने सांगत नाही. आमचे आयुष्य मागणीपत्रे लिहिण्यात आणि मालकांची उत्तरे वाचण्यात गेले. शब्दकोश उशाशी ठेवून जे इंग्रजी आम्ही शिकलो, ते त्या उत्तरांपायीच. एका उत्तरात मागण्यांचा 'व्हेरी' सहानुभूतीने विचार होईल असे आश्वासन होते. त्यात तारीख नव्हती, रक्कम नव्हती, सही करणाऱ्याचा हुद्दाही धड नव्हता. 'व्हेरी' काढून वाचले तरी आश्वासनात काडीचा फरक पडत नव्हता.

मात्र केवळ मालकाकडे बोट दाखवून भागणार नाही. तरुण कार्यकर्ते मसुदा आणतात : 'पगार अत्यंत तुटपुंजा, कामाचा ताण प्रचंड.' आम्ही विचारतो, पगार किती रुपये? घरभाडे किती? एका माणसाकडे यंत्रे किती? ते आकडे कागदावर उतरले की 'अत्यंत' आपोआप गळून पडतो, आणि समोरच्या साहेबाला उत्तर देणे भाग पडते. विशेषणावर मान डोलावून त्याला उठता येते. आकड्यावर तसे उठता येत नाही.

ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचा पोकळ शब्दही चालून जातो. कष्टकऱ्याचे तसे नाही. त्याच्याजवळ शब्दाखेरीज फारसे भांडवल नसते, म्हणून ते त्याने जपून खर्चावे. 'व्हेरी'ला एके काळी वजन होते ते त्याच्या पोटात 'खरे' होते म्हणून. आपल्या बोलण्यात ते खरे राहिले, तर जोरासाठी दुसरा शब्द शोधावा लागणार नाही.