संघरक्षितांच्या आठवणी कशा वाचायच्या?

उर्ग्येन संघरक्षित हे नाव निघाले की बैठकीत लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, ६ डिसेंबर १९५६ ला नागपूरच्या समाजाला ज्यांनी धीर दिला त्यांच्याविषयी वावगा शब्द ऐकून घेणार नाही. दुसरा म्हणतो, शिष्यांच्या लैंगिक शोषणाचे आरोप ज्याच्यावर आहेत त्याचे पुस्तक हातात तरी कशाला धरायचे? आम्हाला हे दोघेही आळशी वाटतात. दोघांनीही वाचायचे कष्ट टाळलेले आहेत.

आधी माणूस कोण ते पाहू. मूळ नाव डेनिस लिंगवूड, जन्म १९२५ चा, लंडनचा. आठव्या वर्षी हृदयविकाराचे निदान झाले आणि दोनेक वर्षे अंथरुणात गेली. तेवढ्या काळात ज्ञानकोश वाचून काढणारा हा मुलगा सोळाव्या वर्षी वज्रच्छेदिका सूत्र वाचतो आणि आपण बौद्ध आहोत असे ठरवतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातून भारतात येतो, इथेच राहतो. १९४९ ला कुशीनगरला भदंत चंद्रमणींकडून श्रामणेर दीक्षा घेतो. तेच चंद्रमणी, ज्यांच्याकडून सात वर्षांनी बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर त्रिशरण-पंचशील घेतले. पुढे कालिम्पाँगला मुक्काम, १९६४ ला इंग्लंडला परत, १९६७ ला लंडनमध्ये स्वतःच्या संघाची स्थापना. महाराष्ट्रात ‘त्रैलोक्य बौद्ध महासंघ सहायक गण’ या नावाने जे काम उभे राहिले ते याच संघाचे. त्यांनी आठवणींचे एक नव्हे, अनेक खंड लिहिले.

त्यातला एक प्रसंग आमच्या तरुणांनी मुद्दाम ताडून पाहावा. ऑगस्ट १९४७. कसौलीत हा तरुण आपली ओळखपत्रे नष्ट करतो, जवळचे सगळे देऊन टाकतो आणि एका बंगाली मित्राबरोबर अनवाणी फकिरीला निघतो. वाचताना भारावून जायला होते. पण थांबा. कागद जाळले की ओळख जळते, हे कुणाच्या बाबतीत खरे आहे? त्याच १९४७ साली आमचा आजोबा कागद नसतानाही महारच होता. गावाच्या वेशीवर त्याला कुणी कागद मागत नव्हते. त्याची ओळख त्याच्या खिशात नव्हती, समोरच्याच्या डोक्यात होती. म्हणून तर बाबासाहेबांना जाळायला ओळखपत्र घेऊन भागले नाही, मनुस्मृती घ्यावी लागली. गृहत्यागाच्या कथा जगभर आवडीने वाचल्या जातात, पण त्याग करायला आधी हातात काहीतरी असावे लागते!

आता बाबासाहेबांच्या भेटी. पहिली भेट १९५२ ची, दादरच्या राजगृहात. संघरक्षित सांगतात की बाबासाहेबांनी त्यांना फार काही गोड शब्दांत घेतले नाही. तुमच्या महाबोधी सोसायटीचा अध्यक्ष बंगाली ब्राह्मण कसा, असा रोखठोक सवाल केला. (अध्यक्ष होते श्यामाप्रसाद मुखर्जी.) चीवर पाहून बाबासाहेब विरघळले नाहीत, संस्थेची सूत्रे कुणाच्या हातात आहेत ते त्यांनी विचारले. हा सवाल लिहून ठेवल्याबद्दल आम्ही संघरक्षितांचे आभार मानतो. आणि पुढे जाऊन म्हणतो की तो कुठल्याही संस्थेला विचारता येतो, संघरक्षितांच्या संस्थेलासुद्धा.

शेवटची भेट नोव्हेंबर १९५६ मधली, दिल्लीत. बाबासाहेब थकलेले, आजारी, आवाज अगदी खाली गेलेला. खूप काम शिल्लक आहे, असे ते पुन्हा पुन्हा बोलत होते. इथे संघरक्षित लिहितात की, जो भार आता स्वतःला पेलवत नाही त्यातला काही आपल्या खांद्यावर ठेवावा अशी बाबासाहेबांची इच्छा असल्याचे त्यांना जाणवले. ‘जाणवले’ या शब्दावर बोट ठेवा. ही लेखकाची भावना आहे आणि ती खरीही असेल. पण ते मृत्युपत्र नव्हे. ‘आंबेडकर अँड बुद्धिझम’ हे पुस्तक १९८६ चे आहे, म्हणजे भेटीनंतर तीस वर्षांचे, आणि तोवर लेखक स्वतः एका संघाचा प्रमुख झालेला होता. आठवण सांगणारा माणूस आपली जागा सांगता सांगता थोडी वर सरकवतोच. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी ठासून मांडले की बुद्धाने वारस नेमला नाही, धम्म हाच धम्माचा वारस. जे बुद्धाने केले नाही ते बाबासाहेबांनी एका भेटीत केले, असे कुणी सुचवत असेल तर ते आम्हाला मान्य नाही.

मग ६ डिसेंबर. संघरक्षित त्या दिवशी नागपुरात उतरले आणि थोड्याच वेळात बातमी आली. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर शोकसभा. शहराच्या सगळ्या बाजूंनी पांढऱ्या कपड्यांतले लोक, हातात पेटत्या मेणबत्त्या, रांगाच्या रांगा, आणि आवाज नाही. धड व्यासपीठ नव्हते. संघरक्षित रिक्षाच्या सीटवर उभे राहिले, कुणीतरी समोर माईक धरला. त्यांच्या अंदाजाने समोर लाखभर लोक होते. पाच-सहा स्थानिक पुढाऱ्यांनी बोलायचा प्रयत्न केला, पण दोन शब्दांत प्रत्येकाला हुंदका आला आणि तो खाली बसला. शेवटी हे एकटेच बोलले. बाबासाहेब गेलेले नाहीत, त्यांचे काम जितके चालवाल तितके ते तुमच्यात आहेत, असा त्या भाषणाचा आशय होता. पुढच्या चार दिवसांत वस्त्यावस्त्यांतून चाळीसेक भाषणे झाली आणि सुमारे तीस हजार लोकांनी धम्मदीक्षा घेतली, असे ते सांगतात.

हे ऋण आहे आणि आम्ही ते नाकारत नाही.

पण ऋण म्हणजे मौन नव्हे. १९९७ मध्ये ‘गार्डियन’ने त्यांच्या संघातल्या लैंगिक शोषणाच्या तक्रारी छापल्या. तरुण शिष्यांशी त्यांनी ठेवलेले संबंध, गुरू म्हणून असलेल्या वजनाचा त्यात झालेला वापर, हे सगळे चव्हाट्यावर आले. २०१६ च्या अखेरीस त्यांनी ज्यांना दुखावले, ज्यांना इजा झाली त्यांच्याविषयी जाहीर खेद व्यक्त केला. २०१८ मध्ये ते वारले. ‘सगळे राजीखुशीने होते’ हे उत्तर आमच्यापुढे मांडू नका. ज्याच्या हातात दीक्षा देणे, पद देणे, जवळ करणे, दूर लोटणे आहे, त्याच्यासमोर शिष्याच्या ‘हो’ला किती किंमत असते? पाटलासमोरच्या ‘हो’ची किंमत आम्हाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

यावर विरोधक टाळ्या पिटतात, बघा तुमचे भंते! त्यांना सांगा, हा माणूस बोधीला पोचलेला आहे म्हणून आम्ही धम्म घेतला नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात बाबासाहेबांनी भिक्खू संघाचा दाखला दिला तो कशासाठी? आसनव्यवस्था, ठराव, गणसंख्या, मतदान, निंदाव्यंजक ठराव हे सगळे संघाला माहीत होते, हे दाखवण्यासाठी. म्हणजे नियम वर आणि माणूस, कितीही ज्येष्ठ असो, खाली. पंधरा दिवसांनी उपोसथाला प्रत्येक भिक्खूने आपला दोष संघासमोर सांगायचा, ही व्यवस्था अडीच हजार वर्षांपूर्वीची आहे. लंडनचा असो की आपल्या तालुक्याच्या विहारातला, तक्रार कुणाकडे करायची आणि ती ऐकणारा त्या गुरूच्या हाताखालचा तर नाही ना, एवढे दोन प्रश्न विहार समितीच्या पुढच्या बैठकीत घ्या. विशेषतः जिथे मुले शिबिराला मुक्कामी राहतात तिथे.

आणि एक राहिलेच. ‘आंबेडकर अँड बुद्धिझम’ मधल्या त्या वर्णनात आपले पुढारी ‘पाच-सहा’ या आकड्याने येतात. दोष लेखकाचा नाही, तो नागपूरला नुकता उतरलेला माणूस होता. वसंत मून यांचे ‘वस्ती’ शेजारी ठेवून वाचा म्हणजे त्या रांगांतली माणसे कुठल्या गल्ल्यांतून आली असतील याचा अंदाज येतो. पण बाकीचे? त्या संध्याकाळी जो पंधरा वर्षांचा होता तो आज ऐंशी ओलांडून गेला. इंदोऱ्यात, पाचपावलीत असे आजी-आजोबा अजून ओसरीवर बसलेले सापडतील. मेणबत्त्या कुठून आणल्या, रांग कुठून निघाली, घरी आल्यावर चूल पेटली का, माईक कुणी धरला होता, रिक्षा कुणाची होती, हे त्यांना विचारायचे आहे. रेकॉर्डर तुमच्या फोनमध्ये आहेच.