काटेरी कोळसुंद्याची कुळकथा

पाऊस ओसरला की भातखाचरांच्या कडेला, ओढ्याकाठच्या चिखलात कोळसुंदा निळ्या-जांभळ्या फुलांवर येतो. फूल न्याहाळायला वाकावं तर आधी काटेच सामोरे येतात. दांड्याच्या पेरापेराला पानांचं कडं, आणि पानांच्या बगलेत सरळ, पिवळट, टोकदार काटे. दोन ओठांची फुलं त्यांच्याच आडोशाला दाटीनं बसलेली.

वैद्यकात त्याचं घराणं जुनं. चरकसंहितेत शुक्रशोधन करणाऱ्या दहा द्रव्यांत ‘इक्षुरक’ आहे, तो हाच. वाग्भटानं वातरक्तावर, म्हणजे सांधे सुजून ठणकतात त्या दुखण्यावर, कोकिलाक्षाचा काढा सांगितला; कोकिलाक्षही हाच. शिवाय काढा घेणाऱ्यानं भाजीही त्याचीच खावी, असं सांगितलं. औषध आणि जेवण यांना वेगळं न काढणारी ही नजर मला फार मोलाची वाटते.

सतराव्या शतकात हे झाड युरोपच्या छापखान्यात पोचलं. मलबारातला डच अधिकारी हेंड्रिक व्हान ऱ्हीड यानं तिथल्या वनस्पतींचा बारा खंडांचा ‘हॉर्टस मलबारिकस’ ग्रंथ अ‍ॅम्स्टरडॅमला 1678 पासून छापून घेतला. इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित, अप्पूभट हे कोकणी वैद्य त्याचे जाणकार होते. या तिघा कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र पहिल्याच खंडात आहे. कोळसुंदा त्यात मल्याळी नावानं आला: वयलचुळ्ळी, शेतातली चुळ्ळी. आजच्या ‘हायग्रोफिला शुली’ या शास्त्रीय नावात ती चुळ्ळी टिकून आहे.

बंगालात त्याला कुलेखाडा म्हणतात, आणि रक्त कमी झालेल्याला पानांचा रस देतात. आपल्याकडे बाजारात ओळख आहे ती बियांची. काष्ठौषधींच्या दुकानात तालिमखाना मागितला की बारीक, चपट्या, तांबूस बिया पुडीत मिळतात (लाह्यांसारखा फुललेला पांढरा मखाना निराळा, तो कुमुदिनीच्या कुळातला). चिमूटभर जिभेवर ठेवाव्यात: लगेच बुळबुळीत होऊन टाळूला चिकटतात. ओल लागताच बियांवर चिकट आवरण फुगतं. पौष्टिक चूर्णांत त्या दुधासाखरेबरोबर घेतात.

भाजी करायची तर झाड कोवळं असतानाच पानं खुडावीत. काटे कडक झाले की हात घालणं अवघड.