चादर, धोटा आणि अण्णांचे कान

गेल्या दिवाळीत सोलापूरच्या घरी गेलो आणि जुनंच एक खूळ नव्याने काढलं. माळ्यावर पडलेल्या दोन स्पीकरच्या पेट्या खाली उतरवल्या. १९८९ साली अण्णांनी गल्लीतल्या सुताराकडून त्या प्लायवूडच्या करून घेतल्या होत्या. आत नवी पेठेतून आणलेले आठ इंची स्पीकर. कागदी पडद्याच्या कडा आता पार कुजल्या होत्या. पुण्याला पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत दोन चकरा मारून नवे वूफर, ट्वीटर आणि क्रॉसओव्हर आधीच आणून ठेवले होते. ते बसवले, पेट्यांच्या फटी बुजवल्या आणि मोठ्या अपेक्षेने भजनाची एक जुनी कॅसेट लावली.

काय सांगू मंडळी, विहिरीत बसून कोणी गातंय असं वाटलं! टाळांचा नुसता किणकिणाट, शब्द एकमेकांत मिसळलेले. एवढा खर्च करून हे?

मग नेहमीप्रमाणे वाचायला बसलो. आपण ज्याला स्पीकर म्हणतो, म्हणजे चुंबकात हलणारी तारेची गुंडाळी आणि तिला चिकटवलेला कागदी शंकू, त्याचा आजचा घाट राइस आणि केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी १९२५ साली मांडला. पुढे १९५४ साली एडगर विल्चर यांनी पेटी पूर्ण बंद करून आतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग केला. त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीचा खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावू लागला. हा सगळा पेटीचा इतिहास. पण माझी अडचण पेटीची नव्हतीच. खाली शहाबादी फरशी, वर सिमेंटचा स्लॅब, चारी बाजूंना उघड्या भिंती. टाळी वाजवली की मागून तिची शेपटी ऐकू यायची.

खोलीचा इतिहास पेटीहून जुना निघाला. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला फॉग संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह सुधारायला सांगितलं. तिथे उच्चारलेला शब्द पाच सेकंदांहून जास्त रेंगाळायचा. या माणसाने काय करावं? रात्री जवळच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायच्या, ऑर्गनची नळी वाजवायची आणि आवाज विरायला किती वेळ लागतो ते घड्याळावर मोजायचं. मग आणखी गाद्या, पुन्हा मोजणी. ध्वनिशास्त्राची ही शाखा अशी गाद्या वाहून उभी राहिली. आवाजाला आवरतं ते कापड!

आणि कापडासाठी सोलापूरकराने कुठे जायचं? आईच्या ट्रंकेतून दोन जाडजूड चादरी काढल्या. मी ऐकायला बसतो त्या खुर्चीत भाच्याला बसवलं आणि हातात आरसा घेऊन भिंतीलगत सरकत गेलो. आरशात जिथे त्याला स्पीकर दिसला, तिथून आवाज भिंतीवर आपटून कानाशी येतो. तिथे खिळे ठोकून दोरी बांधली आणि भिंतीपासून चार बोटं सोडून चादरी चुण्या पाडून टांगल्या. पेट्या भिंतीपासून दीड हात पुढे, ट्वीटर कानाच्या उंचीवर, दोन पेट्या आणि खुर्ची मिळून समभुज त्रिकोण. "पाहुण्यांच्या अंगावर घालायच्या चादरी भिंतीला कशाला रे?" असं आई म्हणालीच. पण खोली शांत झाली. गाणारा दोन पेट्यांच्या बरोबर मधे येऊन उभा राहिला.

मी मोठ्या ऐटीत अण्णांना त्या खुर्चीत बसवलं. पाच मिनिटं ऐकून ते म्हणाले, "आधीच बरं होतं की. आता टाळ कुठं गेले?"

मला टाळ स्वच्छ ऐकू येत होते.

अण्णा १९७१ पासून २००४ पर्यंत चादरीच्या कारखान्यात यंत्रमागावर होते. धोट्याच्या मागांची ओळ चालू असली की साधारण ९५ ते १०० डेसिबलचा आवाज असतो. आठ तासांच्या पाळीला कायद्याची मर्यादा ९० होती, आणि १०० म्हणजे ९०च्या दहापट ध्वनिऊर्जा. अशा आवाजाने कानाचे सगळे स्वर एकदम जात नाहीत. आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग बोथट होतो. टाळ-झांजांची धार तिथलीच, 'स'-'श'ची शीळही तिथलीच. लहानपणी रेडिओचा ट्रेबल पूर्ण पिळून ठेवतात म्हणून मी अण्णांशी भांडायचो. ते हट्टी आहेत असंच वाटायचं.

ही गोष्ट कोणाला ठाऊक नव्हती असंही नाही. ग्लासगोच्या थॉमस बार या डॉक्टरने १८८६ साली बॉयलर बनवणारे शंभर कामगार तपासले, तर एकाचेही कान पूर्ण धड नव्हते. लँकेशायरच्या गिरण्यांत बायका ओठांच्या हालचालींवरून बोलायच्या. आपल्याकडेही १९४८च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात आवाजाने येणाऱ्या बहिरेपणाची पुढे नोंद झाली. सोलापुरात १८७७ साली जुनी मिल उभी राहिली. त्यानंतर इथे किती पिढ्या त्या खटखटाटात उभ्या राहिल्या! गिरण्यांचे भोंगे, संप, बंद पडणं, हे सारं आपण सांगतो. घराघरांत मोठ्याने लागलेल्या रेडिओचा इतिहास मात्र कोणी सांगत नाही. तो म्हातारपणाच्या खात्यावर जमा होतो.

आणि गंमत बघा (गंमत कसली!), भिंतीवरची चादर खर्जाला फारसा हात लावत नाही. ती गिळते ते वरचे स्वर. जे अण्णांकडून मागाने तीस-तेहतीस वर्षांत काढून घेतले, त्यातलं उरलंसुरलं मी त्यांच्याच हातच्या चादरीने पुसून टाकलं होतं. तेव्हापासून 'चांगला आवाज' म्हणजे कोणाच्या कानांना चांगला, हे विचारल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांना कान तपासायला घेऊन गेलो. कागदावरची रेघ चार हजारापाशी खड्ड्यासारखी खाली गेलेली. त्यांनी ती बघितली आणि म्हणाले, "आमच्या खात्यातल्या सगळ्यांचीच अशी निघेल." यंत्र लावायचं की नाही यावर अजून घरात चर्चा चालू आहे. असो.

भिंतीवरची दोरी मी पडद्यासारखी सरकती करून घेतली आहे. मी ऐकत असलो की चादरी पसरलेल्या असतात. अण्णा खुर्चीत बसले की त्या एका बाजूला सारतो, ट्रेबल पूर्ण पिळतो आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसतो. तिथूनही टाळ ऐकू येतात.