गिरणीतल्या मोटारी

मोटारगाड्यांचा खाजगी संग्रह म्हटला की आपल्याकडे चटकन डोळ्यांसमोर येतात ते राजेरजवाडे. एखाद्या संस्थानिकाचा मोटारखाना, ओळीने उभ्या केलेल्या रोल्सराईस गाड्या, घासूनपुसून लखलखीत केलेले पितळी दिवे. आज ज्या संग्रहाची हकीकत सांगायची आहे तो मात्र कोणा राजाचा नव्हे. तो दोन गिरणीमालक भावांचा; आणि उभा राहिला तोही एका गिरणीतच. तो कोणाच्या पैशाने उभा राहिला आणि शेवटी राहिला कोणाकडे, हा भाग त्यातल्या गाड्यांइतकाच ऐकण्यासारखा आहे.

फ्रान्सच्या पूर्व टोकाला, जर्मनी आणि स्वित्झर्लंड या दोन्ही देशांच्या सीमांना खेटून म्यूलूझ नावाचे शहर आहे. प्रांताचे नाव आल्सास. १८७१ साली हा प्रांत जर्मनीने घेतला, पहिल्या महायुद्धानंतर तो फ्रान्सकडे परत आला, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात गेला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रेंच झाला. या शहराशी आपलाही एक जुना धागा आहे, आणि तो खरोखरीच सुताचा आहे. १७४६ साली म्यूलूझमध्ये कापडावर नक्षी छापण्याचा पहिला कारखाना निघाला. हे छापील कापड म्हणजे आपल्या देशातून युरोपात जाणाऱ्या चिटाची नक्कल होती. त्याचे फ्रेंच नावच मुळी ‘आंदिएन’, म्हणजे ‘हिंदुस्थानी’. या नकलेवर शहर श्रीमंत झाले, सूतगिरण्यांची धुराडी उभी राहिली आणि म्यूलूझला लोक ‘फ्रान्सचे मँचेस्टर’ म्हणू लागले.

याच मुलखात हान्स आणि फ्रिट्झ श्लुम्फ हे दोघे भाऊ वाढले. हान्स १९०४ चा, फ्रिट्झ १९०६ चा. वडील स्विस, जन्म इटलीतला, आणि आई म्यूलूझची. तिचे नाव जान. वडील लवकर गेले आणि आई मुलांना घेऊन माहेरच्या गावी परत आली. मुलांनी लोकरीच्या धंद्यात शिरकाव केला आणि १९३५ पासून वीसपंचवीस वर्षांत एकामागून एक गिरण्या घेतल्या. डोंगराच्या कुशीतल्या मालमेर्स्पाख या खेड्यातली लोकरगिरणी हे त्यांचे मुख्य ठाणे. गिरणी त्यांची, आणि गिरणीवर जगणारे गावही जवळजवळ त्यांचेच.

धाकटा फ्रिट्झ हा शौकीन. त्याला वेड होते बुगाटी गाड्यांचे. एत्तोरे बुगाटी हा मिलानमध्ये कलावंतांच्या घरात जन्मलेला माणूस. वडील लाकडी सामानाचे नामांकित कारागीर, भाऊ शिल्पकार. एत्तोरेने १९०९ साली आल्सासमध्येच, मोल्सहाइम गावी, मोटारींचा कारखाना काढला. तिथून बाहेर पडणारी गाडी हे यंत्र असे, पण ते नुसते कामापुरते यंत्र नसे. १९२४ साली त्याने ‘टाइप ३५’ ही शर्यतीची गाडी आणली. आठ सिलिंडरांचे इंजिन, वजन सुमारे साडेसातशे किलो. तारांच्या आऱ्यांऐवजी तिला ॲल्युमिनियमची ओतीव चाके होती आणि ब्रेकचा ड्रम चाकातच ओतलेला. चाक काढले की ब्रेक समोर उघडा. एवढीशी गोष्ट, पण शर्यतीत जिथे एकेक क्षण मोजला जातो तिथे तिचे मोल कळते. लिऑनच्या पहिल्याच शर्यतीत टायरांनी दगा दिला, हे खरे. पण पुढे सिसिलीच्या डोंगरी रस्त्यांवरची टार्गा फ्लोरिओ ही शर्यत बुगाटीने १९२५ ते १९२९ अशी ओळीने पाच वर्षे जिंकली. फ्रिट्झ श्लुम्फकडे याच जातीची एक गाडी होती आणि युद्धानंतर तो स्वतः ती शर्यतीत चालवीत असे. मालकाने असा जीव धोक्यात घालू नये, त्याला काही झाले तर आमच्या पोटाचे काय, अशी विनंती कामगार संघटनेने केली म्हणून त्याने शर्यती सोडल्या, असे सांगतात. मालक जगावा म्हणून कामगार विनंती करतात, ही गोष्ट पुढचे वाचताना ध्यानात असू द्यावी.

स्वतः पळणे थांबले, मग त्याने गाड्या जमवायला सुरुवात केली. १९६० नंतर तर त्याला ताळतंत्र राहिले नाही. त्या सुमारास इंग्लंडात बुगाटीच्या मालकांची नावनिशीवार यादी छापली गेली होती. फ्रिट्झने ती घेतली आणि मालकांना पत्रे धाडली: गाडी विकता काय? त्या काळी ही गाडी म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीने जुने लोखंड. तेव्हा खळ्यात, गोठ्यात, गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेल्या बुगाटी निघाल्या आणि म्यूलूझच्या वाटेला लागल्या. १९६३ साली मोल्सहाइमचा मूळ कारखानाच दुसऱ्या कंपनीकडे गेला, त्या वर्षी कारखान्यात राखून ठेवलेल्या अठरा गाड्या त्याने उचलल्या. १९६४ साली अमेरिकेतील इलिनॉय राज्यातून एका संग्राहकाच्या तीस बुगाटी एकदम विकत घेतल्या. या गृहस्थाचे नाव जॉन शेक्सपिअर. नाटककाराशी त्याचा काही संबंध नाही. किंमत पडली सुमारे ८५,००० डॉलर. उघड्या रेल्वे वाघिणींवर या तीस गाड्या ओळीने चढवून निघाल्या, त्याचे छायाचित्र आज जगभर प्रसिद्ध आहे.

कारखान्यातून आलेल्या त्या अठरांत एक गाडी होती तिच्याविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. तिचे नाव ‘कूपे नेपोलियन’. एत्तोरे बुगाटीने राजेमहाराजांना विकण्यासाठी म्हणून ‘रोयाल’ नावाची एक अवाढव्य गाडी काढली होती. इंजिन पावणेतेरा लिटरांच्या आसपास, पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत अंतर ४.३ मीटर, आणि नाकावर चांदीचा हत्ती, दोन पायांवर उभा राहिलेला. तो हत्ती शिल्पकार भावाने घडवलेला. पंचवीस गाड्या करायच्या होत्या. पण जगात मंदी आली आणि राजेलोकांनीही हात आखडता घेतला. झाल्या अवघ्या सहा, गिऱ्हाईक मिळाले तिघींना. उरलेली इंजिने वाया जाऊ नयेत म्हणून बुगाटीने ती रेल्वेच्या मोटारडब्यांना बसविली, आणि कारखाना तगला तो त्या डब्यांवर. कूपे नेपोलियन ही एत्तोरेची स्वतःची गाडी. १९३९ साली त्याचा मुलगा जान गाडीची चाचणी घेताना रस्त्यात आलेल्या सायकलस्वाराला वाचवायला गेला आणि झाडावर आदळून गेला. १९४७ साली एत्तोरेही गेला. हौसेला किंमत असते ती कधीकधी अशीही चुकवावी लागते. असो.

इतक्या गाड्या ठेवायच्या कुठे? श्लुम्फ बंधूंनी १९५७ साली म्यूलूझमधली एक बंद पडलेली जुनी गिरणी घेतली होती. त्याच वर्षी त्यांची आई वारली. त्या गिरणीतल्या यंत्रांच्या जागी आता गाड्या आल्या. भिंती पाडून सुमारे १७,००० चौरस मीटरचे एकच दालन केले, आणि पॅरिसच्या अलेक्झांडर पुलावर आहेत तसे दिव्यांचे खांब करवून घेऊन शेकड्यांनी तिथे उभे केले. गिरणीचे छत तेच, करवतीच्या दात्यांसारखे, वरून उजेड घेणारे. त्याखाली रस्ते, रस्त्यांच्या दुतर्फा दिवे, आणि दिव्यांखाली गाड्या. हे सारे आईच्या स्मरणार्थ.

शेजारीच दुरुस्तीचे कारखाने. तिथे सुमारे चाळीस माणसे कामाला होती आणि त्यांना बाहेर अवाक्षर काढायची बंदी. त्यांत फिटर, रंगारी, पत्र्याचे काम करणारे, कातडी बैठका शिवणारे होते, आणि सुतारही होते. सुतार कशाला, असे आपल्याला वाटेल. पण त्या काळच्या गाडीला पत्र्याखाली लाकडी सांगाडा असे. पत्रा टिकतो, आतले लाकूड किडते. म्हणजे गाडीचे अंग आधी सुताराने पुन्हा उभारायचे, मग पत्रेवाल्याने ते मढवायचे. इंजिनाचीही तीच कथा. टाइप ३५ चा मुख्य दांडा अनेक तुकडे जुळवून केलेला असतो. तो उघडायचा म्हणजे घड्याळ उघडण्यासारखे, आणि तो पुन्हा जुळवणारा हात हजारात एखादा. मोडका डबा आत जाई आणि काही महिन्यांनी निळीशार, आरशासारखी गाडी बाहेर येई. जाणकारांत एक पंथ असा आहे की, जुन्या गाडीवरचा जुना रंग, झिजलेले कातडे हाही तिचा इतिहासच, तो पुसू नये. मला हे म्हणणे पटते. पण उंदरांनी घर केलेल्या गाडीपुढे हा उपदेश कोणी करावा! या चाळीस जणांनी ज्या गाड्या उचलल्या त्यांतल्या कित्येक तशाच राहिल्या असत्या तर आज शिल्लकच नसत्या.

मात्र हे सगळे पाहायला कोणाला मिळे? क्वचित एखाद्या पाहुण्याला. मालक दोघे. दारे बंद.

आणि दाराबाहेर दिवस फिरले होते. १९७० नंतर युरोपातला लोकरीचा धंदा बसत चालला. पगार वेळेवर होईनात, कामगार कमी करण्याच्या नोटिसा लागल्या. १९७६ च्या शरद ऋतूत संप पेटला, मालमेर्स्पाखमध्ये कामगारांनी मालकांच्या बंगल्याला वेढा दिला. पोलिसांनी दोघा भावांना तिथून बाहेर काढले आणि ते सीमा ओलांडून बाझलला गेले. स्विस नागरिक असल्याने त्यांना परत आणणेही सोपे नव्हते. ७ मार्च १९७७ रोजी कामगार म्यूलूझच्या त्या बंद गिरणीत शिरले.

त्या क्षणाची कल्पना करून पाहा. गिरणी तोट्यात आहे, पैसा नाही, हे महिनोन्‌महिने ऐकत आलेली माणसे दिवे लावतात, आणि समोर चारशेंहून अधिक मोटारी! त्यांतल्या शंभरावर बुगाटी. मासेराटी, मर्सिडीझ, गोर्डिनी यांच्या शर्यतीच्या गाड्या. दोन रोयाल. आपल्या पगारातून वळवलेला पैसा कुठे गेला, याचे उत्तर त्यांना असे ओळीने उभे केलेले सापडले. पुढे न्यायालयानेही कंपनीच्या पैशाच्या गैरवापराबद्दल मालकांना दोषी ठरविले.

रागाच्या भरात एक ऑस्टिन गाडी जाळण्यात आली. पण तेवढेच. याहून विशेष गोष्ट पुढे घडली. कामगारांनी ती जागा ताब्यात घेतली, तिला कामगारांचे संग्रहालय असे नाव दिले, दार उघडले आणि येणाऱ्या लोकांकडून वर्गणी घेऊन त्यांना तो खजिना दाखवला. हा कब्जा दोन वर्षे चालला. त्या दोन वर्षांत एखादी रोयाल कोणा सावकाराच्या घशात गेली असती, सुटे भाग रात्रीतून नाहीसे झाले असते, तर नवल नव्हते. तसे झाले नाही. पाळ्या लावून त्यांनी पहारा दिला. मागणी होती पगाराची आणि कामाची. गाड्या हे तारण होते, आणि तारण जपायचे असते हे गिरणीकामगाराला कोणी शिकवावे लागत नाही. १९८२ साली मुंबईच्या गिरणगावात काय झाले हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना ही दोन वर्षे म्हणजे काय असतात हे वेगळे सांगायला नको.

देणेकऱ्यांना अर्थातच लिलाव हवा होता. जगातल्या श्रीमंत शौकिनांचे डोळे त्यावर लागलेले. पण १९७८ साली फ्रेंच सरकारने सगळा संग्रह राष्ट्रीय वारसा म्हणून नोंदवला, म्हणजे तो तुकड्यातुकड्यांनी विकायला आणि देशाबाहेर न्यायला आडकाठी आली. मोटारगाड्यांना किल्ल्यादेवळांच्या पंक्तीला बसवणे हा निर्णय त्या वेळी पुष्कळांना विचित्र वाटला असेल. मला तो या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. १९८१ मध्ये शहर, प्रांत, सरकार आणि मोटार संस्था यांनी मिळून संग्रह ४ कोटी ४० लाख फ्रँकना घेतला. खऱ्या बाजारभावापुढे ही रक्कम काहीच नव्हती, आणि श्लुम्फ मंडळी त्यावरून पुढे वर्षानुवर्षे कोर्टात भांडली. १९८२ च्या जुलैत संग्रहालय सर्वांसाठी उघडले.

मग श्रेय कोणाचे? फ्रिट्झने वेड घेतले नसते तर यांतल्या बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या असत्या; हे त्याचे ऋण नाकारता येणार नाही. पण वेड त्याचे, आणि वर्गणी दुसऱ्यांची. ती वर्गणी कोणी खुशीने दिलेली नव्हती. आणि तिसरी गोष्ट, जी गाड्यांच्या पुस्तकांत दोन ओळींत उरकतात: हा संग्रह फुटला नाही, कारण ज्यांना तो फोडण्याचा सर्वांत मोठा राग होता त्यांनीच तो राखला.

हान्स १९८९ मध्ये वारला, फ्रिट्झ १९९२ मध्ये. संग्रहालयाच्या नावात आज ‘श्लुम्फ संग्रह’ हे शब्द आहेत. आत गेल्यावर ते दिव्यांचे खांब आहेत, कूपे नेपोलियन आहे, हत्ती आहे. आणि गिरणीच्या आवारात आता एक छोटी धावपट्टीही केली आहे. ठरावीक दिवशी संग्रहातल्या काही गाड्या बाहेर काढून तिथे चालवून दाखवतात.