आठ वर्षांचं अंतर

आमच्या आजीकडे पंडिता रमाबाईंसाठी एकच क्रियापद होतं : 'बाटली'. पुढे तेच तिने स्वतःच्या मुलीसाठी, म्हणजे माझ्या आत्यासाठी वापरलं. घरच्या वाचकांना ती हकिगत पाठ आहे. बाकीच्यांना एवढंच सांगतो, की आत्याने ख्रिस्ती घरात लग्न केलं, बाप्तिस्मा घेतला आणि आजीने तिला उंबरठा बंद केला.

आत्या एकदा मला म्हणाली होती, "अरे, डोक्यावर पाणी पडलं त्या दिवशी मी काही बदलले नाही. बदलले ती फार नंतर." मी तेव्हा कॉलेजात होतो, नुसती मान डोलावली. परवा रमाबाईंचं १९०७ सालचं छोटंसं आत्मनिवेदन वाचताना हे वाक्य अचानक आठवलं. कारण रमाबाईसुद्धा हेच सांगतात!

आपल्याला शाळेत शिकवलेल्या रमाबाई साधारण अशा : १८५८ चा जन्म, वडील अनंतशास्त्री डोंगरे, दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर पायी देशभर भटकंती, कलकत्त्याला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या, लग्न, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज इथे लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. टीका करणारे आणि कौतुक करणारे, दोघेही इथेच थांबतात. धर्म बदलला, विषय संपला.

पण वाँटेजच्या जोगिणींबरोबरचा त्यांचा पत्रव्यवहार बघा. ही बाई काही मुकाट्याने ऐकणारी नव्हती. त्रैक्याच्या सिद्धांतावर वाद. बिशपांच्या अधिकारावर वाद : आत्ताच कुठे एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटले, आता दुसऱ्याचं मानेवर घेऊ का? क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, आपली संस्कृत काय कमी आहे, असाही सवाल. बुद्धीने त्यांनी नवा धर्म तपासून घेतला होता. लंडनजवळ फुलहॅमला 'पतित' ठरवलेल्या स्त्रियांना जोगिणी मायेने सांभाळतात हे पाहून त्या हललेल्याही होत्या. आणि तरीही मागे वळून पाहताना त्या लिहितात ते असं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

तो सापडला आठेक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास. तोवर अमेरिकेचा दौरा झाला होता, ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू होऊन नंतर ते पुण्याला आलं होतं. काम भरपूर, नाव भरपूर, पण मनाला स्वस्थता नाही. अशात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज पाद्र्याचं आत्मचरित्र आलं. हा मनुष्य कॉर्नवॉलमध्ये रीतसर पाद्री होता, प्रवचनं देत होता. १८५१ मध्ये एका रविवारी स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण इतरांना सांगतोय ते आपल्याला कधी झालेलंच नाही. आणि तिथेच, व्यासपीठावर, त्याचं मन पालटलं. रमाबाईंना प्रश्न पडला, मग माझं काय?

इथे एक शब्द सांभाळून घ्यायला हवा. ख्रिस्ती लोक 'नवा जन्म' म्हणतात तेव्हा आपल्या डोळ्यांसमोर पुढचा जन्म येतो. त्यांना तो याच देहात, याच आयुष्यात अपेक्षित आहे. योहानाच्या शुभवर्तमानात निकदेम नावाचा जाणता गृहस्थ येशूला हेच विचारतो, म्हातारा माणूस पुन्हा जन्मणार कसा? त्याच्याही कितीतरी आधी यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात देव वचन देतो, की तुमच्यातलं दगडाचं हृदय काढून मांसाचं देईन. मला यातली गंमत वाटते ती ही, की सोन्याचं हृदय देईन असं म्हटलेलं नाही. मांसाचं! म्हणजे ज्याला दुखतं असं.

रमाबाईंना जे उमगलं ते थोडक्यात असं : हे मिळवावं लागत नाही, मिळतं. पांडित्य, पुण्य, पुरुषजन्म, काहीच अट नाही. स्त्रीला स्त्री म्हणून मोक्ष नाही असं शास्त्रात वाचून वाढलेल्या बाईला 'अट नाही' हे शब्द काय वाटले असतील, कल्पना करा.

याचे परिणाम मात्र मनापुरते राहिले नाहीत. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असा शब्द दिलेला होता. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. मला वाटतं, यात दोन्ही बाजू खऱ्या होत्या. पालकांनी विश्वासाने मुली पाठवल्या होत्या, तेव्हा शब्द तो शब्दच. पण १८८३ च्या रमाबाईंनी ते दार कदाचित लावून घेतलं असतं, १८९१ नंतरच्या रमाबाईंना ते जमेना. हा वाद समजायचा तर ही मधली आठ वर्षं समजावी लागतात.

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या शेकडो मुली, केडगावचं मुक्ती सदन, फुलहॅमची आठवण यावी असं कृपा सदन. १९०५ मध्ये मुक्तीत मुली ढसाढसा रडून आपल्या चुका कबूल करू लागल्या. तो गलबला काही गोऱ्या मिशनऱ्यांना रुचला नाही. रमाबाईंचं म्हणणं, आमच्या मुलींना त्यांच्या स्वभावाप्रमाणे रडू द्या. पुन्हा तेच, अट नको. ५ एप्रिल १९२२ ला केडगावलाच त्या गेल्या, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणण्याचं काम शेवटपर्यंत करत.

मी ख्रिस्ती नाही, व्हायचा विचारही नाही. पण आत्याचं वाक्य आता थोडं कळतं. उंबरठा बंद झाल्यावरही ती दर दिवाळीला आजीकडे फराळाचा डबा पाठवायची. आजी तो न उघडता कामवाल्या मावशींना द्यायची. आत्याला हे माहीत होतं. मी एकदा चिडून म्हणालो, मग पाठवतेस कशाला? ती म्हणाली, "पहिली काही वर्षं रागाने पाठवायचे, तिला लाज वाटावी म्हणून. नंतर राग गेला. आता नुसता पाठवते. तिने खावा अशी अट नाही."

आजी जाऊन बारा वर्षं झाली. डबा येत राहिला, आता आमच्याकडे येतो. आम्ही खातो, छान झालाय असा फोन करतो आणि तिच्या घरी मात्र कोणीच जात नाही. उंबरठा आजीने बंद केला होता खरा, पण तो उघडायला गेल्या बारा वर्षांत कोणाची हरकत होती?

असो. आत्या ऐंशीच्या घरात आहे, चकल्या तळताना आता हात थरथरतो म्हणते. घरच्या मंडळींनो, यंदा डबा आपण घेऊन जाऊ. कोण कोण येतंय, सांगा.