चढाईआधीचे तीस सेकंद : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

जयगडला खाडीवरून वारा सुटला की रात्रीच्या सामन्यात बांबूला बांधलेले दिवे हलतात आणि तांबड्या मातीवर खेळाडूंच्या सावल्या लांब-आखूड होत राहतात. अशाच एका रात्री मध्यरेषेशी उभा असलेला चढाईपटू मी अगदी जवळून पाहिला. शेवटचे मिनिट, संघ दोन गुणांनी मागे, आणि चढाई तिसरी, म्हणजे गुण आणावाच लागणारी. त्याने तळहातांना माती चोळली, वाकून रेषेला हात लावला, तो कपाळाला टेकवला आणि पाऊल उचलणार तोच शिट्टी झाली. समोरच्यांनी टाइम आउट घेतला होता.

तो जागचा हलला नाही. आधी त्याने डाव्या कोपऱ्याकडे पाहिले. तिथला खेळाडू आता तिथे नव्हता. सगळे आपल्या प्रशिक्षकाभोवती गोळा झाले होते. मग त्याने स्वतःच्या पायांकडे पाहिले. थोड्या वेळाने पुन्हा पायांकडेच. खेळ सुरू झाला, तो आत शिरला, निदान रेषेच्या अलीकडे क्षणभर रेंगाळला आणि घोट्यात सापडला.

त्या रात्री मी छातीठोकपणे म्हणालो होतो, "टाइम आउटने घात केला." आज तसे म्हणणार नाही. एका पकडीवरून ते ठरत नाही. मग ते कशावरून ठरते, हे विचारणे म्हणजेच या विषयाच्या दारात पाऊल टाकणे. वाचकाला त्या दारातून आत नेण्यासाठी ही प्रस्तावना लिहीत आहे.

निर्णायक कृतीच्या ऐन आधी मुद्दाम खेळ थांबवण्याचा सर्वांत जास्त अभ्यास अमेरिकी फुटबॉलमध्ये झाला आहे. तिथे सामन्याच्या अखेरीस बरेचदा सगळे एका माणसाच्या लाथेवर येऊन ठेपते. दोन उभ्या खांबांमधून चेंडू गेला तर तीन गुण. प्रत्येक संघाला अर्ध्या सामन्यात तीन टाइम आउट मिळतात, आणि राखून ठेवलेला एखादा टाइम आउट प्रतिस्पर्धी प्रशिक्षक लाथ बसायच्या निमिषभर आधी वापरतो. या युक्तीला तिकडे किकरला गारठवणे अशा अर्थाचा शब्द आहे. १६ सप्टेंबर २००७ रोजी डेन्व्हरचे प्रशिक्षक माइक शॅनहान यांनी ओकलंडविरुद्ध जादा वेळेत हेच केले. सेबॅस्टियन जॅनिकोव्स्कीने ५२ यार्डांवरून चेंडू खांबांमधून पाठवला होता. पण टाइम आउट आधीच मागितला गेला होता, म्हणून तो प्रयत्न रद्द झाला. दुसऱ्या वेळी चेंडू खांबावर आदळला आणि डेन्व्हर जिंकले. पुढच्याच आठवड्यात ओकलंडने ही युक्ती क्लीव्हलंडवर वापरली आणि सामना घेतला.

असे दोन प्रसंग लागोपाठ घडले की युक्तीचा बोलबाला होतो. आकडे मात्र एका सुरात बोलत नाहीत. स्कॉट बेरी आणि क्रेग वूड या संख्याशास्त्रज्ञांनी २००२ आणि २००३ या हंगामांतल्या लाथा तपासल्या आणि २००४ मध्ये लिहिले की, दडपणाच्या वेळी ४० ते ५५ यार्डांवरून मारताना, आधी खेळ थांबवला गेला असेल तर यशाची शक्यता शेकडा सुमारे दहाने घटते. २०११ मध्ये टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्थाइम यांनी आपल्या पुस्तकात अशी घट दिसतच नाही असे मांडले. दोन्ही बाजू प्रामाणिक आहेत. हंगाम वेगळे, अंतरे वेगळी, दडपणाची व्याख्या वेगळी. नव्या अभ्यासकाने या विसंगतीने खट्टू होऊ नये. माझ्या मते ती या विषयाची सर्वांत सुपीक जमीन आहे.

थांबण्याने माणसाचे बिघडते ते नेमके काय? १९८४ मध्ये मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर यांनी उत्तराची एक वाट दाखवली. दडपणाखाली आपण स्वतःच्या हालचालीकडे बघू लागतो, आणि अंगवळणी पडलेली गोष्ट बघून-बघून करायला गेलो की ती अडखळते. इंग्लंडमध्ये रिच मास्टर्स यांनी १९९२ मध्ये गोल्फच्या चेंडूवर प्रयोग केला. ज्यांना नियम सांगून फटका शिकवला ते दडपणात ढेपाळले. ज्यांचे लक्ष दुसरीकडे गुंतवून, नकळत शिकू दिले, ते टिकले. सायकल चालवताना पायडलचा विचार करून पाहा, म्हणजे हे लगेच पटेल. नॉर्वेचे गाइर यॉर्डेट यांनी फुटबॉलच्या पेनल्टी पाहिल्या, आणि पंचाच्या शिट्टीसाठी खेळाडूला जितके ताटकळावे लागते तितकी चूक वाढलेली त्यांना दिसली. जयगडच्या त्या मुलाने दोनदा पायांकडे पाहिले, ते मला अजून आठवते ते यामुळेच.

आपल्या माणसांचा एक दाखला क्रिकेटमधला आहे. २९ जून २०२४, बार्बाडोस, टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना. दक्षिण आफ्रिकेला २४ चेंडूंत २६ धावा हव्या होत्या आणि त्यांचा फलंदाज हाइनरिख क्लासेन सुटला होता. सतराव्या षटकाआधी ऋषभ पंत गुडघा धरून खाली बसला, फिजिओ आत आले, पट्टी बांधली गेली. खेळ सुरू झाल्यावर पहिल्याच चेंडूवर हार्दिक पंड्याने क्लासेनला पंतच्याच हाती झेल द्यायला लावले. भारत सात धावांनी जिंकला. काही महिन्यांनी एका कार्यक्रमात रोहित शर्माने सांगितले की लय तोडायला पंतने डोके लावले होते. पण हेच एकमेव कारण होते असे नाही, हेही तोच म्हणाला. कर्णधाराचे हे दुसरे वाक्य अभ्यासकाने जपून ठेवावे. विजयाच्या आनंदातही कारणांची गर्दी मान्य करणे सोपे नसते.

आता कबड्डी. माझा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

कबड्डीत एक चढाई संपली की दुसऱ्या संघाने पाच सेकंदांत आपला चढाईपटू पाठवायचा असतो. खेळाची लयच पाच सेकंदांची. प्रत्येक डावात संघाला दोन टाइम आउट, प्रत्येकी तीस सेकंदांचे. म्हणजे पाचाचे तीस होतात. लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. अमेरिकी किकरच्या सर्वांत जवळचा आपला माणूस हाच. तरी फरक मोठे आहेत, आणि बाहेरचे निष्कर्ष इथे जसेच्या तसे चिकटवता येणार नाहीत.

पहिला फरक, खांब हलत नाहीत. बचाव करणारे हलतात. टाइम आउटमध्ये साखळी नव्याने बांधली जाते, कोपरारक्षक पाय बदलतो, आणि चढाईपटूने मनात धरलेले चित्र पुसले जाते. मग तो पकडला गेला तर मन डळमळले म्हणून, की बचाव सुधारला म्हणून? दुसरा फरक दमाचा. किकर विश्रांती घेऊनच आलेला असतो. चढाईपटू धापा टाकत असतो. तीस सेकंदांत त्याचा श्वास परत येतो. जी वेळ तिकडच्या खेळाडूला गारठवते ती इकडच्याला ताजे करू शकते. शिवाय त्या अवधीत त्याचा संघ दुसराच गडी चढाईला पाठवू शकतो.

म्हणून मला सर्वांत मोलाचा वाटतो तो बरोबरीनंतरचा पाच-पाच चढायांचा डाव. तिथे चढाईपटूंची नावे क्रमाने आधीच पंचांकडे दिलेली असतात. आपली पाळी कधी ते मुलाला माहीत असते, बदली नसते, आणि वाट पाहणे चुकत नाही. पाचव्या क्रमांकाचा मुलगा पहिल्या चार चढाया उभा राहून बघतो. त्या काळात तो काय बघतो, काय पुटपुटतो, कोण त्याच्या खांद्यावर हात ठेवतो, याची नोंद ठेवणारा अभ्यासक आपल्याला हवा आहे.

एक धोका मात्र आधीच सांगतो. टाइम आउटनंतर चढाईपटू पकडला गेला तर गाव ते वर्षानुवर्षे सांगते; तो दोन गुण घेऊन परतला तर टाइम आउट झाला होता हेच कुणाला आठवत नाही. आठवणींवर हा विषय उभा राहणार नाही. प्रत्येक तिसरी चढाई लिहावी लागेल: आधी खेळ थांबला का, कुणी थांबवला, समोर किती गडी होते, निकाल काय लागला. चार रकाने पुरेत.

मालगुंड, गणपतीपुळे, जयगड, खाडीपलीकडचे तवसाळ, कुठल्याही गावचा सामना चालेल. हिवाळ्यात मैदाने आखली जातील तेव्हा गुणलेखकाच्या शेजारी एक वही घेऊन बसा, आणि पहिली नोंद त्याच रात्री करा.